नाव गाळलं, माणूस छापला

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात, एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत घडलेलं हे प्रकरण. दैनिक, जिल्हा आणि माणसं ओळखू येतील असं काही ठेवलेलं नाही. रुग्णाचा व्यवसाय आणि तालुक्याचा तपशीलही बदलला आहे. पत्रकारितेच्या प्रशिक्षण वर्गात मी हे प्रकरण चर्चेला ठेवतो. त्यात कुणी लबाडी केली नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत, सगळ्यांनी आपापल्या परीनं जबाबदारीनंच वागायचा प्रयत्न केला. तरीही छापायला हवं होतं ते गाळलं गेलं आणि गाळायला हवं होतं ते छापलं गेलं.

पार्श्वभूमी

३० जानेवारीला केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा या आवृत्तीत ती बातमी आतल्या पानावर, एजन्सीच्या मजकुरावर गेली. फेब्रुवारीभर कोरोना म्हणजे वुहान, समुद्रात अडकलेली जहाजं आणि मास्कचा काळाबाजार. जिल्ह्याचा त्याच्याशी थेट संबंध आला तो कोंबडीमुळे. चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो अशी आवई उठली, भाव कोसळले, पोल्ट्रीवाले हवालदिल झाले. आवृत्तीनं आधी ‘नागरिकांत चर्चा’ म्हणून ती आवई छापली, दोन दिवसांनी पशुसंवर्धन विभागाचा खुलासा छापला. दोन्ही बातम्या सारख्याच आकाराच्या. पुढे जे झालं त्याची सवय इथेच लागली होती: कानावर आलेलं आज लावायचं, खुलासा आला की तोही लावायचा, म्हणजे दोन्ही बाजू झाल्या.

९ मार्चला, होळीच्या दिवशी, दुबईहून परतलेलं पुण्यातलं दांपत्य बाधित निघालं. दुसऱ्याच दिवशी त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालकही. त्यांच्यासोबत सहलीला गेलेल्या चाळीसेक जणांचा राज्यभर शोध सुरू झाला आणि प्रत्येक जिल्ह्याच्या डेस्कवर एकच प्रश्न फिरू लागला, ‘आपल्याकडचा कोण?’ ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं ही जागतिक साथ असल्याचं जाहीर केलं. १७ मार्चला मुंबईत राज्यातला पहिला मृत्यू झाला.

तपासणीची स्थिती समजून घेतल्याशिवाय त्या दिवसांतलं वार्तांकन समजत नाही. राज्यात सुरुवातीला तपासणीच्या जागा तीनच: पुण्यात एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था), मुंबईत कस्तुरबा रुग्णालय, नागपुरात इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय. जिल्ह्यातला स्वॅब थंड पेटीत घालून गाडीनं पाठवायचा आणि अहवालाची वाट बघत बसायचं. आणि स्वॅब घ्यायचा तोही परदेशातून आलेल्यांचा किंवा बाधिताच्या संपर्कातल्यांचा, लक्षणं असतील तरच. श्वसनाच्या गंभीर विकारानं रुग्णालयात दाखल असलेल्या सगळ्यांची तपासणी करा, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) सांगितलं ते २० मार्चला. म्हणजे तोवर आकडेवारीत परदेशवारी केलेलेच दिसणार होते, कारण शोध त्यांचाच चालला होता. वर्तमानपत्रांनी मात्र त्याचा अर्थ असा लावला की हा आजार विमानातून उतरलेल्यांचा आहे, आणि ते सापडले की संपला. ‘तपासलंय कोणाला?’ हा प्रश्न या आवृत्तीत तेव्हा कुणी विचारला नाही. बहुतेक आवृत्त्यांत नसेल विचारला.

आणखी एक गोष्ट डोक्यावर होती. मार्चच्या मध्यावर राज्य सरकारनं १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नियमावली काढली. खातरजमा न करता आणि आरोग्य खात्याचे वरिष्ठ, जिल्हाधिकारी किंवा पालिका आयुक्त यांची पूर्वपरवानगी न घेता कोरोनाविषयीची माहिती कोणत्याही माध्यमातून पसरवायची नाही, असं त्यात होतं. (प्लेगच्या काळातला हा कायदा. याच्याच जोरावर पुण्यात रँडसाहेबाची पथकं घराघरांत शिरली होती. सव्वाशे वर्षांनीही तोच बाहेर निघाला, याचं डेस्कवर कुणाला फार आश्चर्य वाटलं नाही.) नियमाचा नेमका अर्थ काय, हे आवृत्तीप्रमुखांना मुख्यालयानं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. ‘सांभाळून छापा’ एवढा निरोप आला.

त्या संध्याकाळी

बुधवारी दुपारी जिल्हा रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षात एका गृहस्थाला दाखल केलं. वय पन्नाशीच्या आतबाहेर, तालुक्याच्या गावी कापडाचं दुकान, आखातातल्या मुलीकडे जाऊन आलेले. ताप आणि खोकला. स्वॅब पुण्याला रवाना झाला.

पाच वाजता तालुका आरोग्य कार्यालयातल्या एका कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला. त्यावर नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सगळं होतं. सात वाजेपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला होता आणि एका वृत्तवाहिनीचा स्थानिक प्रतिनिधी त्यांच्या घरासमोरच्या ओट्यावर उभा राहून बोलत होता. जिल्हा शल्यचिकित्सकांनी फोनवर एवढंच सांगितलं, ‘एक जण दाखल आहे, नमुना पाठवलाय, अहवाल आल्यावर बोलू.’ जिल्हाधिकारी व्हिडीओ कॉन्फरन्समध्ये. जिल्हा माहिती कार्यालयाचं प्रसिद्धिपत्रक हात धुण्याबद्दलचं.

आवृत्तीच्या तालुका वार्ताहराकडे मात्र आणखी एक माहिती होती, जी वाहिनीकडे नव्हती. हे गृहस्थ परतल्यानंतर चौथ्या दिवशी, रविवारी, गावातल्याच मंगल कार्यालयात एका लग्नाला गेले होते. वधूकडचे नातेवाईक म्हणून दिवसभर तिथे होते, पंगतीत वाढायलाही उभे राहिले. मंगळवारी त्यांना ताप भरला. लग्नाला आसपासच्या गावांतून पाहुणे आले होते आणि ते आता आपापल्या घरी पांगले होते.

ग्रामीण अंकाची पानं साडेदहाला सोडायची होती. हातात तीन तास.

समोर असलेले पर्याय

डेस्कवर चौघं होते: आवृत्तीप्रमुख, वृत्तसंपादक, पान एक लावणारी उपसंपादक आणि फोनवर तालुका वार्ताहर. चर्चा जवळजवळ सगळी नावाभोवती फिरली.

वार्ताहराचं म्हणणं सरळ होतं. ‘साहेब, नाव अख्ख्या गावाला माहीत आहे. आपण नाही छापलं तर उद्या लोक म्हणतील, पेपरवाल्यांनी दाबलं. ते आपले जाहिरातदार आहेत हेही लोकांना माहीत आहे.’ शेवटचा मुद्दा टोचणारा होता, कारण तो खरा होता. दिवाळीला त्यांच्या दुकानाची पाव पान जाहिरात येई.

वृत्तसंपादकांचा आग्रह उलट होता: अहवाल येईपर्यंत काहीच छापू नये. उपसंपादकाला तेही पटेना. घराला पोलिसांनी बॅरिकेड लावलं होतं, वाहिनीवर बातमी चालली होती. अशा वेळी अंकात अवाक्षर नाही म्हटल्यावर लोक व्हॉट्सअॅपवरचंच खरं धरतील, असं तिचं म्हणणं. फक्त अधिकृत माहिती द्यावी हा तिसरा पर्याय होता, पण अधिकृत माहिती एका वाक्याची. पान एकच्या लीडला, म्हणजे मुख्य बातमीला, एक वाक्य पुरत नाही. हे कारण कुणी बोलून दाखवलं नाही, पण निर्णयात त्याचा वाटा मोठा होता.

लग्नाचा विषय निघाला आणि पाचेक मिनिटांत संपला. आवृत्तीप्रमुख म्हणाले, ‘ते प्रशासनानं सांगितलेलं नाही. उद्या मंगल कार्यालयवाला अंगावर येईल, वधूपक्ष येईल. आणि परवानगीशिवाय असं काही छापलं तर गुन्हा दाखल व्हायचा.’ त्यांची भीती निराधार नव्हती. पण हाच निकष बातमीतल्या इतर तपशिलांना लावला गेला नाही.

काय छापलं

‘जिल्ह्यात कोरोनाचा शिरकाव?’ असं पाच कॉलमी हेडिंग. प्रश्नचिन्ह टाकलं म्हणजे अहवाल आलेला नाही याची नोंद झाली, असा समज. बातमीत नाव नव्हतं. होतं ते असं: वय, गाव, पेठ, कापड व्यावसायिक, मुलगी कोणत्या देशात असते, ते कधी परतले, पत्नी कोणत्या शाळेत शिकवते म्हणून त्या शाळेत भीतीचं वातावरण. शिवाय एक ओळ: ‘परदेशवारीची माहिती दडवल्याची नागरिकांत चर्चा.’ फोटो गल्लीचा. बॅरिकेड, दोन पोलीस, आणि मागे दुकानाच्या पाटीचा अर्धा भाग.

आत चौथ्या पानावर हात कसे धुवावेत याची सचित्र चौकट. लग्नाबद्दल काही नाही. नियंत्रण कक्षाचा नंबर नाही, १०४ हा आरोग्य विभागाचा नंबरही नाही.

‘दडवल्याची चर्चा’ ही ओळ कुठून आली याचा मी नंतर माग काढला. वार्ताहराच्या मूळ मजकुरात ती नव्हती. वाहिनीच्या प्रतिनिधीनं तसं म्हटलं होतं आणि डेस्कवर कुणीतरी ते ऐकून घातलं. वस्तुस्थिती अशी होती की ते परतले तेव्हा त्या देशातून येणाऱ्यांना सक्तीचं विलगीकरण नव्हतंच. संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान, कुवेत इथून येणाऱ्यांसाठी केंद्राचा तो आदेश १८ मार्चपासून लागू झाला. विमानतळावर ताप मोजला, अर्ज भरून घेतला, जा म्हणाले. ते लग्नाला गेले त्या दिवशी त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. पण ‘चर्चा’ छापताना तारखा जुळवून बघायची पद्धत नसते.

पुढे काय झालं

गुरुवारी रात्री अहवाल आला: बाधित. शुक्रवारच्या अंकात प्रश्नचिन्ह काढून तीच बातमी पुन्हा लागली. डेस्कवर समाधान होतं की आपण चुकलो नाही.

गावात काय चाललं होतं ते हळूहळू कळलं. दूधवाल्यानं रतीब बंद केला. दुकानातल्या एका नोकराला घरमालकानं खोली सोडायला सांगितली. त्याचं नाव बातमीत कुठेच नव्हतं, त्याच्या दुकानाची पाटी मात्र होती. पत्नी आणि मुलगा निरीक्षणाखाली असताना घराच्या दारावर कुणीतरी बातमीचं कात्रण चिकटवून गेलं. वाहिनीनं आणि व्हॉट्सअॅपनं हे सगळं केलंच असतं, असं डेस्कचं म्हणणं. शक्य आहे. पण दारावर चिकटवायला कात्रण वर्तमानपत्राचं लागलं. फिरता फोटो कुणाला पुरावा वाटत नव्हता.

लग्नाचं काय झालं? आरोग्य विभागाला ते गुरुवारी रुग्णाशी सविस्तर बोलल्यावर कळलं. यादी करायला गेले तर आहेराच्या वहीतली नावं हाती लागली, पत्ते नाहीत. त्यात शुक्रवारपर्यंत पाहुण्यांतले बरेच जण फोन उचलेनासे झाले होते. एका आरोग्य सहायकानं सांगितलेलं कारण: ‘पेपरात त्यांची काय गत झाली ते सगळ्यांनी वाचलं होतं. आपलंही असंच होईल म्हणून लोक लग्नाला गेलोच नव्हतो म्हणायला लागले.’

शुक्रवारी दुपारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनीच वार्ताहराला फोन केला: लग्नाची तारीख, वेळ आणि कार्यालयाचं नाव छापा, लोकांनी स्वतःहून पुढे यावं. जिल्हाधिकाऱ्यांची संमती तासाभरात मिळाली. शनिवारी, जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, पान एकवर दोन कॉलमी चौकट लागली. रुग्णाचा त्यात उल्लेखही नव्हता. अमुक दिवशी अमुक ठिकाणी होतात तर या नंबरवर फोन करा, घरातच राहा, ताप आल्यास परस्पर दवाखान्यात जाऊ नका, एवढंच. त्या चौकटीनंतर नियंत्रण कक्षात फोन यायला लागले.

लग्नातल्या कुणालाही लागण झाल्याचं निष्पन्न झालं नाही. घरातली एक व्यक्ती बाधित निघाली आणि बरी झाली. निकाल चांगला लागला म्हणून आवृत्तीत या निर्णयाची पुन्हा छाननी झाली नाही. पण बुधवारी रात्री जी माहिती डेस्कवर होती ती वाचकांपर्यंत पोचायला शनिवार उजाडला आणि त्या अवधीत काही घडलं नाही, यात आवृत्तीचं कर्तृत्व काही नव्हतं.

‘दडवल्याची चर्चा’ या ओळीचा खुलासा मुलानं फोन करून मागितला, प्रवासाच्या तारखांसकट. आवृत्तीप्रमुखांनी तो तत्काळ मान्य केला. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, कारण अनेक ठिकाणी असा फोन टोलवला जातो. खुलासा लागला तो टाळेबंदी सुरू झाली त्या आठवड्यात. तेव्हा वर्तमानपत्रातून विषाणू येतो या धास्तीनं लोकांनी अंक घेणं बंद केलं होतं, मुंबईत २३ मार्चपासून अंक वाटपच थांबलं होतं, आणि या जिल्ह्यातही विक्रेत्यांनी गठ्ठे उचलायला नकार दिला होता. आरोप घरोघरी गेला. खुलासा पीडीएफमध्ये राहिला.

एप्रिलमध्ये लागोपाठ दोन चाचण्या निगेटिव्ह आल्यावर त्या गृहस्थांना घरी सोडलं. रुग्णालयाच्या दारात टाळ्या, फुलं, मोबाइल वर. या वेळी डेस्कनं वार्ताहराला आधी विचारून यायला सांगितलं: फोटो छापू का? ते नको म्हणाले. आवृत्तीनं छापला नाही, शेजारच्या दैनिकानं छापला. तोवर, ८ एप्रिलला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचनाही आली होती की बाधितांची नावं, ओळख, राहण्याचा परिसर समाजमाध्यमांवर पसरवू नका.

निर्णय कुठे वळला

प्रशिक्षणात बहुतेक जण नावाच्या प्रश्नावर अडतात आणि ‘नाव न छापणं बरोबर होतं’ म्हणून पुढे जातात. डेस्कचंही तेच झालं. नाव गाळल्यावर नैतिक काम संपलं असं सगळ्यांना वाटलं आणि बाकीचे तपशील कुणी तपासले नाहीत. दहा हजार वस्तीच्या गावात वय, पेठ, दुकान आणि मुलीचा देश एवढं सांगितल्यावर नाव उरतंच कुठे? खासगीपणाचा मुद्दा प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आधीपासून आहे, पण ती वाचणारा तिथे ‘नाव’ एवढंच शोधतो.

दुसरं वळण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसाविषयीची माहिती आणि प्रसंगाविषयीची माहिती यांना दोन वेगवेगळे निकष लावले गेले. पत्नीची शाळा छापायला कुणाची परवानगी लागली नाही. तीही प्रशासनानं सांगितलेली नव्हती. लग्नाला मात्र परवानगीचा नियम आठवला. का? शाळेचा उल्लेख झाल्यानं अंगावर येणारं कुणी नव्हतं, मंगल कार्यालयाचा मालक येऊ शकत होता. नियमावलीची भीती खरी होती, पण ती सोयीच्या जागी वापरली गेली. वाचकाला त्या सकाळी एकच गोष्ट कळायला हवी होती: मी त्यांच्या संपर्कात आलो असेन का, आणि आलो असेन तर काय करू. ‘कोण’ या प्रश्नाचं उत्तर त्याला काही उपयोगाचं नव्हतं.

तिसरं, ‘सगळ्यांना माहीतच आहे’ हा युक्तिवाद. तो गावापुरता खरा होता. बातमी जिल्हाभर गेली, ई-पेपरवर राहिली, आजही सापडते.

जाहिरातदाराचा मुद्दा कुणी उघडपणे हाताळला नाही. माझा अंदाज असा की ‘दाबलं’ हा आरोप नको म्हणून तपशील जरा जास्तच भरले गेले. आवृत्तीप्रमुखांना हे मान्य नाही.

वेगळं काय करता आलं असतं

त्या रात्री साडेनऊला डेस्कच्या हातात असलेल्या माहितीवरच, अहवाल नसताना, अशी बातमी करता आली असती:

‘परदेशातून परतलेल्या एका व्यक्तीला ताप व खोकल्यामुळे जिल्हा रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवण्यात आले आहे. नमुना पुण्याला पाठवला असून अहवाल येईपर्यंत त्यांना कोरोना आहे की नाही हे सांगता येणार नाही. सध्या परदेशातून आलेल्या आणि बाधितांच्या संपर्कात आलेल्या, लक्षणे असलेल्या व्यक्तींचीच तपासणी होते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या कागदाबाबत जिल्हा रुग्णालयाने दुजोरा दिलेला नाही. गेल्या आठवड्यात गर्दीच्या समारंभाला गेलेल्या कोणालाही ताप, खोकला असेल तर त्यांनी १०४ वर फोन करावा.’

पान एकला ही बातमी दोन कॉलमांची होते, पाच कॉलमांची होत नाही. उरलेल्या जागेत स्वॅब जातो कुठे, किती वेळ लागतो, जिल्ह्यात विलगीकरणाचे बेड किती, हे देता आलं असतं. ती माहिती शल्यचिकित्सकांनी मागितल्यावर दिली असती, असं त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांना त्या रात्री फक्त रुग्णाबद्दल विचारलं गेलं होतं.

लग्नाची तारीख आणि जागा छापायला मात्र संमती हवी होती, आणि ती मागायला हवी होती. जिल्हाधिकारी नाहीत तर निवासी उपजिल्हाधिकारी, तेही नाहीत तर आरोग्य अधिकारी. ‘आमच्याकडे ही माहिती आहे, तुमच्याकडे आहे का?’ एवढा एक फोन गेला असता तरी आरोग्य विभागाला लग्नाचा पत्ता एक दिवस आधी लागला असता, अंकात काही आलं नसतं तरीही. बातमीदारानं आपली माहिती छापण्याआधी सरकारी खात्याला द्यावी का, यावर आमच्या वर्गात दर वेळी वाद होतो. एरवी मीही नको म्हणेन. उद्या भ्रष्टाचाराची बातमी असेल तर अर्थातच नको. इथे त्या माहितीचा धनी वाचक होता आणि तो फोनवर सापडणार नव्हता.

आवृत्तीप्रमुखांना मी हा पर्यायी मजकूर दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. तपशील गाळण्याबद्दल त्यांची हरकत नव्हती. फोनबद्दल होती: ‘त्या रात्री मी विचारलं असतं, तर तिकडून एकच उत्तर आलं असतं, सध्या काही छापू नका. आणि मग मी अडकलो असतो.’ उपसंपादक शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘आपण तसंही छापलं नाहीच ना, सर.’